पहिल्यांदाच कॅरिबियन बेटावरच्या रिसॉर्टला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडात राहणारी मराठी कुटुंबं, त्यांच्याकडे भारतातून आलेले आई-बाबा आणि थेट मुंबई-पुण्याहून निघणारी जोडपी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, शेवटी व्हिसाचे आणि कागदपत्रांचे किचकट अपवाद. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कॅरिबियन हा एक देश नाही. प्रत्येक बेटाचा कायदा, चलन, वीज आणि समुद्र वेगळा आहे. पहिल्या सहलीतले बहुतेक घोटाळे हे विसरल्यामुळे होतात.

१. पहिल्यांदाच जातोय. कुठलं बेट निवडावं?

आधी तुमच्या पासपोर्टवर आणि व्हिसावर कुठे प्रवेश मिळतो ते पाहा (प्रश्न १९, २२ आणि २३). उरलेल्या बेटांतून मग पाणी आणि जेवण बघून निवड करा.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून चार-पाच रात्रींसाठी निघणाऱ्यांना जमैकातलं माँटेगो बे आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना सोयीचं पडतं. न्यूयॉर्कहून दोन्हीकडे थेट विमानानं साधारण चार तास लागतात आणि रिसॉर्टही भरपूर आहेत. घरात शाकाहारी माणसं असतील तर दोघांत जमैका सोपं. शांत, उथळ पाणी हवं असेल तर अरूबाचा पश्चिम किनारा, बार्बाडोसचा पश्चिम किनारा किंवा जमैकातलं नेग्रिल बघा. मात्र अरूबा कोरडं बेट आहे. तिथे निवडुंग आणि सततचा वारा भेटेल, कोकणासारखी हिरवाई नाही. हिरवे डोंगर हवे असतील तर सेंट लुशिया घ्या. तिथले पिटॉन सुळके जागतिक वारसास्थळ आहेत, पण रस्ते वळणावळणाचे आहेत आणि किनारे आखूड.

पहिल्या वेळी एकच बेट करा. दोन बेटांमध्ये विमान बदलण्यात एक अख्खा दिवस जातो.

२. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक एकच ना?

नाही. डॉमिनिका हे पूर्वेकडचं छोटं, डोंगराळ, इंग्रजी बोलणारं बेट आहे. डॉमिनिकन रिपब्लिक हा हिस्पॅनिओला बेटावरचा स्पॅनिश बोलणारा मोठा देश आहे आणि पुंता काना तिथे आहे. तिकीट काढताना शहराच्या नावाबरोबर विमानतळाचा तीन अक्षरी कोडही तपासा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्येही स्वस्त दिसलं म्हणून सांतो दोमिंगोचं तिकीट काढलं, तर पुंता कानाला पोहोचायला आणखी अडीच तास गाडीत बसावं लागतं.

३. कुठल्या महिन्यात जावं?

हवा वर्षभर उबदारच असते, साधारण २५ ते ३१ अंश. फरक पडतो तो वादळांमुळे आणि दरांमुळे. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पाऊस कमी, दर चढे आणि गर्दी जास्त. मार्चमध्ये अमेरिकी कॉलेजांच्या सुट्ट्या असतात, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी रिसॉर्टमध्ये त्या गर्दीचा अंदाज घ्यावा.

अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर आणि सर्वांत जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पण कडेचे महिनेही निर्धास्त नसतात. १ जुलै २०२४ रोजी बेरिल हे वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकावर. मे महिना आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा आमच्या मते सर्वांत चांगला सौदा आहे: दर उतरलेले, वादळाचा धोका कमी. सुट्टी ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मिळत असेल तर अरूबा, बोनेअर किंवा क्युरासाओ निवडा. ही बेटं व्हेनेझुएलाजवळ, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत.

४. फोटोत पाणी निळं दिसतं, पण लोक म्हणतात किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग असतात. खरं काय?

दोन्ही खरं आहे. सारगॅसम नावाचं तपकिरी, तरंगतं समुद्री शेवाळ २०११ पासून मोठ्या प्रमाणात किनाऱ्याला लागतंय. साधारण मार्च ते ऑक्टोबर हा त्याचा काळ. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. दम्याच्या रुग्णांनी अशा ढिगांपासून लांब राहावं.

हे शेवाळ पूर्वेकडून येतं, म्हणून अटलांटिककडे तोंड असलेल्या किनाऱ्यांना जास्त लागतं. पुंता काना आणि बार्बाडोसची पूर्व बाजू त्यात येते. पश्चिम किनारे बहुतांशी सुटतात. रिसॉर्ट निवडताना नकाशावर त्याचा किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि जाण्याच्या आधीच्या आठवड्यात पाहुण्यांनी टाकलेले ताजे फोटो पाहा. रिसॉर्टच्या स्वतःच्या फोटोंवरून काही कळत नाही.

५. 'ऑल-इन्क्लुझिव्ह' म्हणजे नक्की काय काय फुकट?

खोली, सगळी जेवणं, खाणी-पिणी, संध्याकाळचे कार्यक्रम आणि बिनइंजिनाची पाण्यातली साधनं, म्हणजे कयाक, पॅडल बोर्ड, छोटी शिडाची होडी. स्नॉर्कलिंगचा चष्मा आणि नळी बहुतेक ठिकाणी मिळते, पण मुलांच्या मापाची मिळेलच असं नाही. ती घरून न्या.

बाहेर राहतात त्या गोष्टी: जेट स्की, पॅरासेलिंग, स्पा, बेटावरच्या सहली, महागडी वाइन, काही ठिकाणी लॉब्स्टर आणि अनेकदा विमानतळावरून आणणं-सोडणं. बुफेखेरीज वेगळी रेस्टॉरंट असतात, त्यांतल्या काहींना आधी टेबल राखावं लागतं. पोहोचल्याच्या पहिल्या तासात सगळ्या रात्रींची टेबलं राखून टाका. दुसऱ्या दिवशी विचारलंत तर रात्री साडेनऊची वेळ हाती येते आणि मुलं तोवर झोपलेली असतात.

घरात कोणी दारू पीत नसेल आणि तुम्हाला रोज बाहेर फिरायचं असेल तर ऑल-इन्क्लुझिव्हचे पैसे वसूल होत नाहीत. मग फक्त नाश्त्यासह खोली घ्या.

६. तीन पिढ्या एकत्र जातोय. खोल्या कशा घ्याव्यात?

एका खोलीत साधारण चार माणसांची मर्यादा असते आणि त्यात बाळही मोजलं जाऊ शकतं. दोन खोल्या घ्याल तेव्हा 'कनेक्टिंग' मागा. तिथे आतून दार असतं. 'अॅडजॉइनिंग' म्हणजे फक्त शेजारी-शेजारी. विनंती मान्य झाल्याचं ईमेलवर लेखी घ्या. आजी-आजोबांसाठी तळमजला किंवा लिफ्टजवळची खोली मागा, कारण मोठ्या रिसॉर्टमध्ये जेवणघर दहा मिनिटांच्या चालीवर असू शकतं. रंगमंच आणि डिस्कोजवळची इमारत टाळा.

'ओशन व्ह्यू' म्हणजे गॅलरीतून मान वळवून समुद्र दिसणंही असू शकतं. समोर समुद्रच हवा तर 'ओशन फ्रंट' असं लिहिलेलं बघा. काही रिसॉर्ट फक्त प्रौढांसाठी असतात. मुलं बरोबर असतील तर पैसे भरण्याआधी हे तपासा.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपास घडेल का?

घडणार नाही, पण नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. बऱ्याच स्वयंपाकघरांत मासे शाकाहारात धरले जातात, भात आणि सूप कोंबडीच्या रश्शात शिजतं, घेवड्यात डुकराचं मांस पडतं. जमैकातला 'राइस अँड पीज' हा राजमा घालून नारळाच्या दुधात शिजवलेला भात असतो. तो बहुतेकदा चालतो, पण त्यात खारवलेलं मांस घालण्याचीही रीत आहे, म्हणून दरवेळी विचारा.

निघण्याच्या दहा दिवस आधी रिसॉर्टला ईमेल करा. 'शाकाहारी' या एका शब्दाऐवजी यादी द्या: मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडी आणि मांसाचा रस्सा यांतलं काय चालत नाही. पोहोचल्यावर पहिल्या जेवणालाच मुख्य आचाऱ्याला भेटा. बुफेवर उभे असलेले वाढपी मदत करतील, पण पदार्थात काय पडलंय हे आचाऱ्यालाच ठाऊक असतं. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये 'सिन कार्ने' म्हटलं की ऐकणारा अनेकदा फक्त गोमांस वगळतो. पूर्ण म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन', म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम नको. अंडी नको असतील तर 'सिन उएवो' जोडा.

खायला काय शोधावं? जमैकात रास्ताफारी पंथाच्या लोकांचं 'इटाल' जेवण मुळातच बिनमांसाचं असतं. तिथला 'कॅलालू' ही माठाच्या जातीची पालेभाजी आहे. ती खारवलेल्या माशाशिवाय मागा. 'बॅमी' म्हणजे कसाव्याची जाड भाकरी, 'फेस्टिव्हल' म्हणजे मक्याच्या पिठाचा तळलेला गोड प्रकार. भाजलेला ब्रेडफ्रूट म्हणजे आपल्याकडचा नीरफणस. स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस मात्र थेंबाथेंबानं घ्या.

त्रिनिदाद-टोबॅगोत तर खाण्याची चंगळ आहे. १८४५ मध्ये 'फतेल रझाक' जहाजातून तिथे भारतीय मजूर आले आणि त्यांच्या वंशजांनी रोटी, डाळपुरी आणि छोले घातलेले 'डबल्स' घराघरांत पोहोचवले. तिथला कॅलालू मात्र अळूच्या पानांचा असतो, नारळाच्या दुधात घोटलेला. चव आपल्या फदफद्याच्या जवळ जाते, पण खेकडा घातलाय का ते विचारूनच घ्या.

जैन जेवण अवघड आहे, कारण कांदा-लसूण मसाल्यातच वाटलेला असतो. समोर करून देणारं पास्त्याचं काउंटर, पांढरा भात, दही आणि फळं यांवर भिस्त ठेवा. पुढचा प्रश्नही वाचा.

८. घरून खाऊ नेला तर चालतो का?

दुकानाच्या बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा अडत नाही: चिवडा, चकली, खाकरा, थेपले, मेतकूट, कोरडी चटणी. पांढरा भात आणि दही सगळीकडे मिळतं, त्यामुळे मेतकुटाची छोटी पुडी पाच दिवस कामाला येते. ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं आणि मांस नेऊ नका. कस्टम्सच्या अर्जावर खाद्यपदार्थांची नोंद करा. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर पाकीट काढून घेतात. परतताना अमेरिकेत आंबा किंवा इतर ताजी फळं आणू नका. पोर्तो रिकोहून निघतानाही सामानाची शेतीविषयक तपासणी होते.

९. पैसे कुठले न्यावेत? टिप किती द्यावी?

अमेरिकी डॉलर जवळपास सगळीकडे चालतात. १ आणि ५ डॉलरच्या नोटा भरपूर न्या, कारण मोठ्या नोटेची मोड स्थानिक चलनात आणि पडत्या भावानं मिळते. भाव ठरवताना 'कुठले डॉलर?' हे विचाराच. बार्बाडोसचे २ डॉलर म्हणजे अमेरिकेचा १. सेंट लुशिया, अँटिगा आणि ग्रेनाडात ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो, त्याचा दर १ अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. टॅक्सीवाल्यानं सांगितलेले ४० नेमके कुठले, यावर भाडं अडीचपट बदलतं. कार्डयंत्रानं 'तुमच्या चलनात की स्थानिक चलनात?' विचारलं तर स्थानिक निवडा. नाहीतर यंत्रवाला स्वतःचा चढा दर लावतो.

टिप: हमालाला प्रत्येक बॅगेमागे १ ते २ डॉलर, खोली आवरणाऱ्यांना रोज २ ते ५ डॉलर. ही टिप रोजच्या रोज ठेवा, कारण शेवटच्या दिवशी आवरणारी व्यक्ती वेगळी असू शकते. बिलात १० ते १५ टक्के सेवा-शुल्क आधीच लावलेलं असेल तर वेगळी टिप लागत नाही. 'सँडल्स'सारख्या काही रिसॉर्ट-साखळ्यांत बटलर वगळता कर्मचाऱ्यांना टिप घ्यायला मनाई आहे. तिथे आग्रह करू नका, त्यांच्या नोकरीवर येतं.

१०. भारतातली इलेक्ट्रिक किटली चालेल का?

बेटावर अवलंबून आहे. जमैका, बार्बाडोस, अरूबा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये ११० ते १२७ व्होल्ट आणि अमेरिकेसारखी चपट्या पिनांची सॉकेट. सेंट लुशिया आणि ग्रेनाडात २३० व्होल्ट आणि इंग्लंडसारखी तीन चौकोनी पिनांची. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर दोन्हीकडे चालतात, फक्त पिनांचा अडॅप्टर लागतो.

किटलीचं गणित वेगळं आहे. २३० व्होल्टसाठी बनवलेली १५०० वॉटची किटली ११० व्होल्टवर जेमतेम ३४० वॉट देते, म्हणजे एक लिटर पाण्याला पंधरा-वीस मिनिटं. उलट अमेरिकेतला हेअर ड्रायर नुसत्या अडॅप्टरवर सेंट लुशियात लावलात तर जळेल.

११. कपडे काय न्यावेत?

लष्करी छापाचे, म्हणजे कॅमोफ्लाज कपडे अजिबात नेऊ नका. जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिगा, ग्रेनाडा आणि त्रिनिदादमध्ये सामान्य नागरिकांनी ते घालणं कायद्यानं गुन्हा आहे. मुलांची टोपी, पाठपिशवी आणि अर्धी चड्डीसुद्धा त्यात आली.

रात्रीच्या रेस्टॉरंटमध्ये पुरुषांना पूर्ण पँट आणि बंद बूट लागतात. प्रत्येकी एक जोड पुरतो. पोहण्याचे कपडे प्रत्येकी दोन न्या, दमट हवेत ते रात्रभरात वाळत नाहीत. खोली दुपारी तीन-चारला मिळते, म्हणून पोहण्याचे कपडे, चपला आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मग सकाळी पोहोचलात तरी तलावात उतरता येतं.

१२. आम्ही उन्हाचीच माणसं. सनस्क्रीन खरंच लागतं?

लागतं. माँटेगो बे साधारण १८.५ अंश उत्तरेला आहे, मुंबई १९. म्हणजे ऊन तेवढंच तळपतं. पण इथे सतत वारा असतो, त्यामुळे चटका जाणवत नाही आणि संध्याकाळी पाठ भाजल्याचं कळतं. सर्वांत जास्त भाजते ती स्नॉर्कलिंग करणाऱ्यांची पाठ, मान आणि पोटऱ्या. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट हा त्यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय.

एसपीएफ ३० किंवा जास्त, पाण्यात जाण्याच्या १५ मिनिटं आधी, दर दोन तासांनी आणि अंग पुसल्यावर पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० मिली लागतं, म्हणून चौघांच्या घराला छोटी बाटली दिवसभरही पुरत नाही. रिसॉर्टच्या दुकानात ती दुप्पट-तिप्पट भावानं मिळते. अरूबा, बोनेअर आणि अमेरिकी व्हर्जिन बेटांवर ऑक्सिबेंझोन असलेल्या सनस्क्रीनवर प्रवाळांच्या रक्षणासाठी बंदी आहे. झिंक ऑक्साइडवालं घ्या.

१३. पोहता येत नाही. समुद्रात उतरावं का?

शांत किनाऱ्यावर कंबरभर पाण्यापर्यंत, जरूर. मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरपर्यंत जातो. इथे तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आत असतो, म्हणून पाण्याची कड दिवसभर जवळपास तिथेच राहते. धोका लाटांचा आणि त्या परतताना आत ओढणाऱ्या प्रवाहाचा असतो. बार्बाडोसच्या पूर्वेला बाथशेबाचा किनारा फार देखणा आहे, पण पोहण्यासाठी नाही. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका. तरंगत राहा, हात वर करा आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका.

अनेक रिसॉर्टच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो. लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही. लाइफ जॅकेट मागून घ्या. हाताला लावायचे हवेचे फुगे हा त्याला पर्याय नाही. स्नॉर्कलिंग आधी तलावात, उभं राहता येईल अशा पाण्यात दहा मिनिटं करून बघा. चष्म्यात पाणी शिरलं की नवखी माणसं नाकानं श्वास घेतात आणि घाबरतात. ती सवय तलावातच मोडते.

१४. किनाऱ्यावर साप-विंचू, डास वगैरे?

सापांपेक्षा एका झाडाची ओळख करून घ्या. मँचिनील नावाचं हे झाड वाळूच्या कडेला वाढतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं आणि त्याचा चीक अतिशय विषारी असतो. पाऊस आला म्हणून त्याखाली उभं राहिलात तर पानांवरून गळणाऱ्या पाण्यानंही कातडीला फोड येतात. अनेक ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा किंवा पाटी असते. पडलेलं कुठलंही अनोळखी फळ मुलांनी तोंडात घालू नये.

डेंग्यू इथेही आहे. २० ते ३० टक्के डीईईटी असलेलं डास पळवणारं मलम दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी लावा, आधी सनस्क्रीन आणि मग हे. गर्भवती स्त्रियांनी झिका या डासांमुळे पसरणाऱ्या विषाणूबद्दल डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये.

१५. नळाचं पाणी प्यावं का?

बार्बाडोस आणि अरूबात निर्धास्त प्या. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दात घासायलाही बाटलीचं वापरा. जमैकातल्या रिसॉर्टमध्ये पाणी शुद्ध केलेलं असतं, बाहेर बाटली बरी.

१६. विमानतळावरून रिसॉर्टला कसं जावं? गाडी भाड्यानं घ्यावी का?

पहिल्या सहलीत रिसॉर्टमार्फत आधी ठरवलेली गाडी घ्या. अंतर आधी पाहा. माँटेगो बे विमानतळाहून नेग्रिलला साधारण दीड तास लागतो. सेंट लुशियाचा मोठा विमानतळ दक्षिण टोकाला आहे आणि बरीच रिसॉर्ट उत्तरेला, म्हणजे दीड तास घाटरस्ता. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी.

स्वतः चालवायची तर जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया, अँटिगात भारतासारखी डावी बाजू. अरूबा, पोर्तो रिको आणि डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये उजवी. अमेरिकी व्हर्जिन बेटांवर बाजू डावी, पण गाड्यांचं स्टीअरिंगही डावीकडेच. तिथे ओव्हरटेक करताना समोरचं दिसत नाही, नवख्यांनी टाळावं.

१७. रिसॉर्टच्या बाहेर पडणं सुरक्षित आहे का?

दिवसा, ठरलेल्या टॅक्सीनं किंवा सहलीबरोबर, हो. सोन्याची मंगळसूत्रं, बांगड्या घरी ठेवा आणि पासपोर्ट तिजोरीत. जवळ त्याची छायाप्रत असू द्या. रात्री अनोळखी रस्त्यानं किंवा किनाऱ्यानं चालत जाऊ नका. किनाऱ्यावर विक्रेते येतील. हसून 'नो, थँक यू' म्हटलं की पुरतं, पण 'नंतर बघू' म्हटलंत तर ते खरंच नंतर येतात. आणि बाहेर पडाच. भिंतीआड पाच दिवस काढून बेट कळत नाही.

१८. अमेरिकेचा फोन तिथे चालतो ना? नंबर तर +१ नंच सुरू होतो.

नंबर तसा दिसतो, पण कॉल आंतरराष्ट्रीय दरानं लागतो. ८७६ जमैकाचा, २४६ बार्बाडोसचा, ८०९ डॉमिनिकन रिपब्लिकचा. विमान उतरण्याआधी डेटा रोमिंग बंद करा आणि रिसॉर्टच्या वायफायवर व्हॉट्सअॅप वापरा.

१९. भारतीय पासपोर्टवर कुठे व्हिसाशिवाय जाता येतं?

पर्यटनासाठी जमैकात ३० दिवस, बार्बाडोसमध्ये ९० दिवस आणि त्रिनिदाद-टोबॅगोत ९० दिवस व्हिसा लागत नाही. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा कायम रहिवासाचं कार्ड असेल तर पर्यटनासाठी प्रवेश मिळतो. पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटं अमेरिकेचाच भाग आहेत, तिथे अमेरिकेचाच व्हिसा लागतो.

व्हिसा नको म्हणजे कागद नकोत असं नाही. सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून ठेवा. डॉमिनिकन रिपब्लिकचं 'ई-तिकीट' (हा प्रवेशाचा अर्ज आहे, विमानाचं तिकीट नव्हे) आणि अरूबाचं ईडी कार्ड (हाही प्रवेशाचा अर्ज) आधी ऑनलाइन भरावं लागतं. ई-तिकीट मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत. तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या पानावर नियम पुन्हा वाचा.

२०. मुंबईहून कुठल्या मार्गानं जावं?

थेट विमान नाही. लंडनमार्गे बार्बाडोस, अँटिगा, सेंट लुशिया किंवा अमेरिकेमार्गे जमैका आणि पुंता काना. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, कारण तिथे प्रत्येकाला इमिग्रेशनमधून जावं लागतं आणि बॅगाही उचलून पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी किमान तीन तास हातात ठेवा. लंडनला हीथ्रोवर उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर तुम्ही ब्रिटनमध्ये प्रवेश करता. स्वस्त तिकिटाच्या नादात हे सुटतं आणि मुंबईच्या काउंटरवरच अडवणूक होते.

२१. परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात का?

बहुतेक बेटांसाठी नाही. पण भारताच्या यादीत त्रिनिदाद आहे, टोबॅगो नाही. टोबॅगोला जाणारी बरीच विमानं त्रिनिदादवरून जातात, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी लस घेतलेली बरी. पनामाही यादीत आहे, तेव्हा पनामा सिटीला विमान बदलणाऱ्यांनी विमानतळावरच्या थांब्याचा नियम आधी तपासावा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते.

२२. अमेरिकेत नोकरीसाठी एच-१बी वर आहे, पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का संपलाय, आय-७९७ (मंजुरीचा कागद) वैध आहे. जमैकाला जाऊन येऊ शकतो का?

नाही. ३० दिवसांच्या आत परतणाऱ्यांना संपलेल्या व्हिसावर पुन्हा प्रवेश देणारी जी सवलत आहे, ती एच-१बी साठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. जमैकात प्रवेश मिळेल, पण परतीच्या विमानात बसू देणार नाहीत. तुमच्यासाठी पोर्तो रिको किंवा अमेरिकी व्हर्जिन बेटं योग्य. व्हर्जिन बेटांवरून परतताना कागद तपासतात, म्हणून पासपोर्ट, आय-७९७ आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुदतीची नोंद) बरोबर ठेवा. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असून ईएडीवर (काम करण्याच्या परवान्यावर) काम करत असाल तर अॅडव्हान्स परोलशिवाय (परतण्याच्या आगाऊ परवानगीशिवाय) अमेरिकेबाहेर पडू नका, अर्ज सोडून दिल्यासारखं होतं. पोर्तो रिकोला जाणं हे बाहेर पडणं नव्हे.

२३. आणि एफ-१ विद्यार्थी?

एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज कार्यक्रम) व्हिसावाल्यांची सवलत मोठी आहे. त्यात क्युबा वगळता शेजारची बेटंही येतात. ३० दिवसांच्या आत परत यायचं, आय-९४ वैध हवं, आय-२० वर (कॉलेजनं दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर) प्रवासासाठी सही हवी आणि या काळात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. मेख अशी की ही सवलत अमेरिकेच्या परतीची आहे. बेटाचा प्रवेश वेगळा. डॉमिनिकन रिपब्लिकला वैध अमेरिकी व्हिसा लागतो, संपलेला चालत नाही. त्यामुळे जमैका किंवा बार्बाडोस हाच खरा मार्ग. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना हा नियम अनेकदा माहीत नसतो. २२ सीएफआर ४१.११२(डी) या अमेरिकी नियमाचा मजकूर छापून जवळ ठेवा.

२४. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत. त्यांना बरोबर नेलं तर परतल्यावर नवे सहा महिने मिळतील?

तसं गृहीत धरू नका. जवळच्या बेटावरून थोड्या दिवसांत परतल्यास अधिकारी आधीचीच मुदत पुढे चालू ठेवू शकतो. परतल्यावर त्यांचं आय-९४ ऑनलाइन काढून तारीख बघा. त्यांचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आणि वैध हवा. अमेरिकेसाठी घेतलेला त्यांचा आरोग्यविमा बेटावर लागू होतो का, हे पॉलिसीत वाचा. अनेकदा होत नाही. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

२५. एकच पालक मुलांना घेऊन जातोय. काही वेगळं लागतं?

दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत न्या. दरवेळी विचारत नाहीत, पण विचारलं आणि नसलं तर विमान सुटतं.

२६. वादळाची बातमी आली तर पैसे परत मिळतात का?

विमा कधी घेतला यावर ठरतं. वादळाला नाव मिळाल्यानंतर घेतलेली पॉलिसी त्या वादळासाठी चालत नाही. म्हणून सहलीचा पहिला हप्ता भरला की त्याच आठवड्यात विमा घ्या. त्यात दोन गोष्टी बघा: प्रवास रद्द होण्याचं कलम आणि आजारी माणसाला विमानानं हलवण्याचा खर्च. लहान बेटांवर मोठी शस्त्रक्रिया होत नाही आणि रुग्णाला मायामीला न्यायचा खर्च हजारो डॉलरांत जातो. अमेरिकेचं मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) देशाबाहेर जवळपास लागू होत नाही.

तिथे असताना इशारा आला तर पहिल्या विमानानं निघा. विमानतळ बंद झाल्यावर जागा मिळत नाही. राहावंच लागलं तर फोन आणि बॅटरी पूर्ण चार्ज, बाथटबमध्ये पाणी भरून ठेवा, रोकड जवळ ठेवा आणि रिसॉर्ट सांगेल त्या आतल्या खोलीत थांबा.

२७. परतताना शंख, वाळू, रम आणता येते का?

प्रवाळ आणि वाळू उचलू नका, बऱ्याच बेटांवर ते बेकायदा आहे. क्वीन काँच हा मोठा गुलाबी शंख आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीत आहे, दुकानातून घेतला तरी परवान्याचा कागद मागून घ्या.

जमैकात २०१५ पासून दोन औंसांपर्यंत गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण अमेरिकेच्या संघीय कायद्यात तो गुन्हाच आहे. व्हिसा किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी हात लावू नये, सीमेवर नुसतं कबूल केलं तरी अडचण होते.

रमची बाटली ड्यूटी-फ्रीमधून घेतली आणि पुढे अमेरिकेत विमान बदलायचं असेल, तर बॅगा उचलून पुन्हा देताना ती मोठ्या बॅगेत टाका, नाहीतर पुढच्या सुरक्षा तपासणीत जाते. अरूबा आणि बहामाजची राजधानी नासाऊ इथे अमेरिकेचं इमिग्रेशन बेटावरच होतं. तिथे विमानाच्या तीन तास आधी पोहोचा. शनिवार-रविवारी रांग फार लांबते.